मराठी माध्यमाच्या वर्गासाठी इंटरनेटशिवाय चालणारी मोफत साधने कोणती?

खानापूर तालुक्यातील शिक्षिका:
नमस्कार. कर्नाटकातील बेळगाव जिल्ह्यात, जांबोटीच्या पुढे जंगलालगतच्या एका गावातील मराठी शाळेत मी सहावी-सातवीला विज्ञान आणि गणित शिकवते. शाळेत एक लॅपटॉप आणि प्रोजेक्टर आहे. परंतु पावसाळ्यात वीज वारंवार जाते आणि रेंजसाठी गावाबाहेरच्या चढावर जावे लागते. मराठीत मिळणारे व्हिडिओ बहुतेक महाराष्ट्राच्या पाठ्यपुस्तकांवर आधारलेले असतात, आपली पुस्तके मात्र कर्नाटकाची असल्यामुळे धड्यांचा मेळ बसत नाही. अशा वर्गात खरोखर उपयोगी पडेल असे काही आपण वापरले आहे का?

निपाणीचे विज्ञान शिक्षक:
बाई, माझा अनुभव असा, की धड्याचा क्रमांक बाजूला ठेवून संकल्पनेच्या नावाने शोध घेतला तर राज्य बदलल्याची अडचण फारशी उरत नाही, कारण विद्युत परिपथ दोन्हीकडे सारखाच असतो. ‘फेट’ (PhET) या पडद्यावर करायच्या प्रयोगांच्या संकेतस्थळापासून सुरुवात करा. नोबेल विजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी २००२ साली अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठात हा प्रकल्प सुरू केला. त्यातील कित्येक प्रयोग मराठीत भाषांतरित झाले आहेत आणि एचटीएमएल-५ (थेट ब्राउझरमध्ये चालणाऱ्या) प्रकारचा प्रयोग एकदा उतरवून घेतला, की तो ब्राउझरमध्ये नेटशिवाय उघडतो. परिपथाच्या प्रयोगात मुले पडद्यावर तारा जोडतात, एकाच सेलवर दुसरा दिवा एकसर (एकापुढे एक) जोडला की दोन्ही मंद होतात हे पाहतात आणि तारेतून सरकणारे इलेक्ट्रॉनही त्यांना दिसतात, जे खऱ्या तारेत कधीच दिसणार नाहीत. तरीही मी आधी खरा सेल आणि टॉर्चचा बल्ब मुलांच्या हाती देतो, पडदा त्यानंतर. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. भूमितीसाठी जिओजेब्रा (GeoGebra) हे मोफत सॉफ्टवेअर लॅपटॉपवर घालून ठेवा. त्रिकोणाचा शिरोबिंदू कितीही ओढला तरी कोनांची बेरीज १८० अंशच राहते, हे मुले स्वतः ओढून पाहतात तेव्हा ते त्यांना वेगळे पाठ करावे लागत नाही.

बेळगावच्या निवृत्त मुख्याध्यापिका:
सरांच्या म्हणण्यात एका गोष्टीची भर घालते. महाराष्ट्राचे साहित्य वापरताना त्यातील पारिभाषिक शब्द आपल्या पुस्तकाशी आधी ताडून पाहावेत, नाहीतर परीक्षेत मुलांचा गोंधळ होतो. शिवाय आपल्या मुलांना कन्नडही शिकायचे असते. त्यासाठी ‘प्रथम बुक्स’ या प्रकाशन संस्थेने २०१५ साली सुरू केलेले ‘स्टोरीवीव्हर’ हे गोष्टींचे संकेतस्थळ पाहा. तेथे अनेक चित्रकथा मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांत मिळतात आणि खुल्या परवान्यामुळे त्या उतरवून छापताही येतात. मराठी गोष्ट आधी वाचलेले मूल तीच गोष्ट कन्नडमध्ये न घाबरता वाचू लागते, हे मी वर्गात पाहिले आहे. विज्ञान-खेळण्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळावर टाकाऊ वस्तूंपासून खेळणी करण्याची कृती आणि मराठी पुस्तके आहेत. वीज नसलेल्या दिवशी तीच कामी येतील.

खानापूर तालुक्यातील शिक्षिका:
सर, बाई, मनापासून आभार. शनिवारी बेळगावला येणार आहे, तेव्हा परिपथाचा प्रयोग आणि पाच-सहा मराठी-कन्नड जोडगोष्टी पेनड्राइव्हवर उतरवून घेते. सातवीला तो धडा पुढच्याच आठवड्यात आहे.