मातृभाषेतून पदवी म्हणे! खानदेशात कोणत्या?

तापीकाठ:
2020 च्या शैक्षणिक धोरणाने उच्च शिक्षणही मातृभाषेतून वा स्थानिक भाषेतून देण्यावर भर दिला. आपल्याकडे त्याचा अर्थ सरसकट मराठी. मी बी.एस्सी.ला शिकवतो. धडगावचा पोरगा घरी पावरी बोलतो, अमळनेर-पारोळ्याचा अहिराणी, रावेरची मुलगी लेवा गणबोली. प्रमाण मराठी यांना शाळेतच शिकावी लागली, आता वर इंग्रजी पुस्तकं.
मागच्या प्रॅक्टिकलच्या तोंडी परीक्षेत एक जण गप्प उभा. मग हळूच म्हणतो, "सर, माले येस, पन सांगता येत नही." म्हटलं, घरी बोलतोस तसं सांग. टायट्रेशन धडाधड सांगितलं, शेवटी गुलाबी रंग का टिकतो तेही. एक्सटर्नलनी "भाषा नीट नाही" म्हणत मार्क कापले. लेखी पेपर राहू द्या मराठी-इंग्रजीत, पण तोंडीला आणि वर्गात बोलीला मुभा हवी.

हिंजवडीतला शिंदखेडकर:
सर, लाड तुम्ही कराल, भोगेल पोरगा. माझ्या पहिल्या मुलाखतीत तोंडातून शब्द फुटेना. तीन वर्षांत कुणी इंग्रजी बोलायला लावलंच नव्हतं.

तापीकाठ:
इंग्रजी नको कुठे म्हटलं? पण विषय येत होता ना तुम्हाला? तसाच त्यालाही येत होता.

शब्दखोर:
2011 च्या जनगणनेत खानदेशी (अहिराणी त्यातच धरून) वेगळी भाषा म्हणून मोजली, बोलणारे 18 लाखांहून जास्त. आठव्या अनुसूचीत मात्र नाही. जळगावच्या विद्यापीठाला 2018 मध्ये कवयित्री बहिणाबाईंचं नाव दिलं. त्यांच्या बोलीत कुणी तोंडी दिली तर मार्क कापणार?

हिंजवडीतला शिंदखेडकर:
बहिणाबाईंना मध्ये आणू नका भो. कविता वेगळी, केमिस्ट्री वेगळी. आणि पुण्याहून आलेल्या परीक्षकाला अहिराणी कळणार कशी?

अक्कलकुव्याची:
परीक्षकाचं सोडा, आम्हालाच पूर्ण कळत नाही. आमच्या घरी भिल्ली. सर वर्गात अहिराणीत काहीतरी बोलतात, अख्खा वर्ग हसतो, आम्ही चार-पाच जणी एकमेकींकडे बघतो. मराठीत निदान सगळे सारखेच अडखळतात. तुमची मुभा म्हणजे ज्यांची संख्या जास्त त्यांच्या बोलीला मुभा.

तापीकाठ:
ताई, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. धडगावचं उदाहरण दिलं खरं, पण मला स्वतःला पावरीचा एक शब्द येत नाही. तोंडीला तरी ज्याला त्याला आपल्या बोलीत बोलू द्यावं, वाटल्यास वर्गमित्राने मराठीत सांगावं?

अक्कलकुव्याची:
ते बघा जमलं तर. तोवर विनोद तरी मराठीत करा सर.