हॅडलीचा तडकलेला बुरूज: चित्रकाराचा शोक की वादळानंतरची सकाळ?

धागाकर्ता:
इंग्लिश निसर्गचित्रकार जॉन कॉन्स्टेबलचं ‘हॅडली कॅसल’ (१८२९) हे पडक्या किल्ल्याचं चित्र मला शोकचित्रच वाटतं. नोव्हेंबर १८२८ मध्ये त्याची पत्नी मारिया क्षयाने गेली आणि पुढच्याच वर्षी हे चित्र लंडनच्या रॉयल अकॅडमीच्या प्रदर्शनात लागलं. डावीकडचा उंच, उभा चिरलेला बुरूज हाताने झाकून बघा. उरतं ते टेम्स नदीचं मुख, समुद्र आणि मोकळं आकाश. हात काढला की सगळं चित्र जड होतं.

उत्तर १:
साफ असहमत. या अवशेषांचं पेन्सिल रेखाटन १८१४ चं आहे, लग्नाच्याही दोन वर्षं आधीचं. बुरूज तेव्हाही भग्नच होता, तो दुःखासाठी मोडलेला नाही. चित्राच्या पूर्ण शीर्षकात ‘वादळी रात्रीनंतरची सकाळ’ असं स्पष्ट आहे. १८२१-२२ मध्ये हॅम्पस्टेडला आकाशाचे अभ्यास करताना हा माणूस मागे तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा लिहून ठेवायचा. त्याच्या ढगांना आधी हवामान म्हणून वाचा.

धागाकर्ता:
रेखाटन जुनं, मान्य. पण वहीतलं ते छोटं रेखाटन चौदा वर्षं पडून होतं. ते नेमकं मारिया गेल्यावर काढून सुमारे १२२ बाय १६४ सेंटिमीटरच्या कॅनव्हासवर का नेलं? विषय कधी सापडला यापेक्षा तो कधी निवडला, हे मला महत्त्वाचं वाटतं.

उत्तर २:
दोघंही आधी सांगा, कुठल्या चित्राबद्दल बोलताय? लंडनच्या टेट संग्रहालयात आहे तो जवळपास त्याच मापाचा कच्चा आराखडा: काळपट, खरबरीत, पॅलेट नाइफने (रंग कालवायच्या सुरीने) ओढलेला. पूर्ण केलेलं चित्र अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या संग्रहात आहे आणि त्यात ढगांतून किरण समुद्रावर उतरतात. नेटवर दोन्हींच्या प्रतिमा एकाच नावाने फिरतात, म्हणून आराखड्याचा अंधार पूर्ण चित्राच्या माथी मारला जातो.

डोळे किलकिले करून येलचं चित्र बघा, म्हणजे तपशील पुसट होऊन फक्त उजेड-अंधाराचे पट्टे राहतात. सर्वांत उजळ पट्टा दूर, क्षितिजाजवळ आहे. चित्रात विखुरलेल्या पांढऱ्या रंगाच्या ठिपक्यांवरूनही चित्रकाराचं ‘अस्वस्थ मन’ काढू नका. ते त्याच्याच ‘हे वेन’ या चित्रातही (१८२१) आहेत, ओल्या पानांवरची चमक म्हणून.

उत्तर १:
हेच म्हणतोय. शिवाय बुरुजाखाली मेंढपाळ कुत्र्यासह चाललाय, पलीकडे गुरं आहेत. रोजची कामं सुरू झालीत.

धागाकर्ता:
आणि त्यातलं कुणीही बुरुजाकडे बघत नाही. म्हणून तर तो इतका एकटा दिसतो.