प्लांट हेडचा बिझनेस हेड होताना : कोर्स करावा की कोच घ्यावा?

चाकणकर७६
नमस्कार मंडळी. चाकणला एका ऑटो कंपोनंट कंपनीत जीएम ऑपरेशन्स आहे, वय ४८, बीई मेकॅनिकल, सगळं करिअर शॉप फ्लोअरवर गेलंय. एप्रिलपासून एका बिझनेस युनिटची पूर्ण जबाबदारी देतोय असं एमडींनी सांगितलंय, म्हणजे सेल्स, फायनान्स, कस्टमर सगळंच, आणि जमलं तर पुढे बोर्डावर घेऊ असंही बोललेत. वर हेही म्हणाले की तुम्ही अजून प्लांटमध्येच अडकलेले असता, त्यातून बाहेर या. कंपनी एकाच गोष्टीचा खर्च करणार, एक तर आयआयएम किंवा आयएसबीचा सीनियर लोकांसाठीचा प्रोग्राम, नाहीतर सहा-आठ महिने एक्झिक्युटिव्ह कोच. माझा कल कोर्सकडे आहे कारण रिव्ह्यूमध्ये बॅलन्स शीट उघडली की मला बोलायला काही सुचत नाही आणि ते बाकीच्यांना दिसतं. पण प्लांटमधून बाहेर यायचं म्हणजे नेमकं काय सोडायचं तेच कळत नाहीये, कस्टमरची लाइन थांबायची वेळ आली की परचेसपासून डिस्पॅचपर्यंत सगळे माझ्याकडेच बघतात. ज्यांनी हा टप्पा पार केलाय त्यांनी प्लीज सविस्तर लिहा.

भोसरी_जुना
अभिनंदन साहेब! मी हाच प्रवास करून आता निवृत्त झालोय म्हणून जरा लांबण लावतो. फायनान्ससाठी कोर्सची वाट बघू नका. सीएफओंच्या टीममधला एखादा समजावून सांगणारा मॅनेजर गाठा आणि त्याच्यासोबत तुमच्याच युनिटचे मागच्या दोन वर्षांचे आकडे घेऊन बसा, कोर्समधल्या केस स्टडीपेक्षा हे डोक्यात पक्कं बसतं कारण प्रत्येक आकड्यामागची मशीन आणि माणूस तुम्हाला माहीत असतो.

एक उदाहरण देतो. समजा युनिटमध्ये १०० कोटी भांडवल अडकलंय आणि व्याज-कराच्या आधीचा नफा १२ कोटी आहे, म्हणजे आरओसीई (अडकलेल्या भांडवलावरचा परतावा) १२ टक्के. आता नफा एक रुपयाही न वाढवता नुसता स्टॉक आणि कस्टमरकडची उधारी मिळून १० कोटी मोकळे केलेत तर तेच १२ कोटी ९० वर येतात, १३.३ टक्के. प्लांट हेड म्हणून आपल्याला सेफ्टी स्टॉक भरपूर असला की रात्री झोप लागते, बिझनेस हेड झाल्यावर तोच स्टॉक म्हणजे अडकलेला पैसा. आणि व्हेंडरचं पेमेंट लांबवून कॅश काढायची जुनी सवय आता महागात पडते, सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत गेले नाहीत आणि वर्षअखेरीला थकलेले राहिले तर तो खर्च त्या वर्षी इन्कम टॅक्समध्ये धरला जात नाही, २०२३-२४ पासून हे लागू आहे. म्हणजे जे काही सोडवायचं ते स्टॉक आणि उधारीतूनच.

दुसरं म्हणजे स्टीलचा भाव. भाव आज वाढतो, कस्टमर तो बऱ्याचदा पुढच्या क्वार्टरला मान्य करतो, मग मधल्या तीन महिन्यांत तुमचं ओईई (मशीनची एकूण कार्यक्षमता) कितीही चांगलं असू दे, मार्जिन खालीच जाणार. प्लांटच्या शीटवर हे दिसतच नाही, तिथे पीपीएम (दहा लाखांमागे खराब नग), रिजेक्शन आणि पर पीस कॉस्ट एवढंच असतं. कस्टमरच्या परचेसशी ही बोलणी कोण करतं, स्टीलच्या भावाच्या कुठल्या इंडेक्सवर करतं, हे एप्रिलच्या आधी समजून घ्या.

आता काय सोडायचं ते. सकाळची नऊची मीटिंग सोडा, आणि आत्तापासूनच. तुमच्या जागी जो येणार त्याला ती घेऊ द्या आणि तुम्ही त्या खोलीतच जाऊ नका, कारण तुम्ही कोपऱ्यात जरी बसलात तरी लोक उत्तर तुम्हालाच देणार. फोन कुठल्या गोष्टीसाठी तुमच्याकडे यायचा ते लिहून द्या : अपघात, कस्टमरची लाइन थांबायचा धोका, विमानाने माल पाठवायचा खर्च. बाकी सगळं त्याचं. आणि कस्टमरच्या क्वालिटीवाल्यांकडे त्याला स्वतः घेऊन जा, यापुढे हा बघेल असं समोरासमोर सांगा, नुसत्या मेलने ते होत नाही, ते लोक जुन्याच नंबरला फोन लावतात.

एचआर_ओडी_ताई
दादांशी बरीचशी सहमत. फायनान्स आत शिकता येतं हे खरं, म्हणूनच माझं मत कोचला. तुमच्या एमडींनी सांगितलेली अडचण ज्ञानाची नाहीये, वागण्याची आहे, आणि वागणं वर्गात बसून बदलत नाही. पण कोच घेताना काही गोष्टी पक्क्या करा. सुरुवातीलाच एमडी, कोच आणि तुम्ही अशी तिघांची एक बैठक व्हायला हवी, त्यात एमडींनी तोंडाने सांगायला हवं की सहा महिन्यांनी त्यांना काय वेगळं दिसायला पाहिजे. "लीडरशिप सुधारा" हे चालणार नाही, "कस्टमर रिव्ह्यूमध्ये टेक्निकल प्रश्न टीमला उत्तर देऊ द्या" हे चालेल. मग कोच कंपनीला काय रिपोर्ट करणार ते लेखी घ्या, विषय आणि प्रगती एवढंच बाहेर जावं, खोलीतलं बोलणं नाही, नाहीतर तुम्ही मोकळेपणाने बोलणारच नाही आणि पैसे पाण्यात. दोन-तीन कोचना भेटून मगच निवडा. आयसीएफ या आंतरराष्ट्रीय कोच संघटनेचं पीसीसी प्रमाणपत्र असेल तर निदान ५०० तास कोचिंग केलेलं असतं, पण प्लांट आतून पाहिलेला माणूस मिळाला तर मी त्याला जास्त मार्क देईन.

अजून एक, ३६० फीडबॅक (वरचे, बरोबरीचे, हाताखालचे अशा सगळ्यांकडून घेतलेला) नुसता ऑनलाइन फॉर्मवर घेऊ नका. आपल्याकडे साहेबाबद्दल फॉर्मवर कोणी खरं लिहीत नाही, सगळे पाचपैकी चार देऊन मोकळे होतात. कोचने आठ-दहा जणांशी वीस-पंचवीस मिनिटं एकेकटं बोलावं आणि नावं न देता सार द्यावं. त्यात तुमच्या हाताखालचे हवेतच, पण सेल्स आणि फायनान्सचे बरोबरीचे लोक सगळ्यात महत्त्वाचे, कारण एप्रिलनंतर काम त्यांच्याकडूनच करून घ्यायचंय.

बीकेसी_लोकल
मी थोडी वेगळी बाजू मांडते. एकाच कंपनीत वर्षानुवर्षं काढलेल्या माणसाला बाहेरची माणसं भेटणं फार गरजेचं असतं, आणि कोर्सचा खरा फायदा तोच, शेजारी बँकेचा माणूस, फार्माचा माणूस बसतो आणि तुम्ही गृहीत धरलेल्या गोष्टींवर सरळ प्रश्न विचारतो. त्यासाठी आयआयएमच हवं असं मात्र नाही.

आपल्या पुण्यातलंच बघा ना, बॉयलर बनवणारी थरमॅक्स. १९९६ मध्ये रोहिंटन आगा गेल्यावर त्यांच्या पत्नी अनु आगांवर कंपनीची जबाबदारी आली, त्याआधी त्या एचआर बघायच्या, फायनान्स त्यांचा विषय नव्हता. पुढे कंपनी तोट्यात गेली, ४०० रुपयांचा शेअर ३६ वर आला, एका शेअरहोल्डरनं निनावी पत्र लिहून नाराजी कळवली आणि ते पत्र त्यांनी मनावर घेतलं. बाहेरून बोस्टन कन्सल्टिंग ग्रुपला बोलावलं, बोर्डाची फेररचना केली, मालकी आणि रोजचं कामकाज वेगळं केलं, आणि कंपनी सावरल्यावर २००४ मध्ये खुर्ची मुलगी मेहेर पदमजींकडे दिली. मला यात सगळ्यात मोठी वाटते ती कडू बोलणं ऐकून त्यावर कृती करायची तयारी. रेशो शिकवणारे पुष्कळ मिळतात हो, पण तोंडावर खरं सांगणारी दोन-तीन माणसं या जागेवर बसल्यावर मुद्दाम जपावी लागतात. तुमच्या कंपनीबाहेरचे एक-दोन बिझनेस हेड शोधा आणि महिन्यातून एकदा भेटा.

चाकणकर७६
सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं बारकाईने लिहिलंत. नऊच्या मीटिंगचं सोमवारपासूनच करतो, माझ्या नंबर टूशी काल बोललो, त्याला आनंद झाला आणि थोडं टेन्शनही आलं. कोच घ्यायचं जवळपास ठरलंय. बोर्डाबद्दल मात्र कोणीच लिहिलं नाही. तिथे काय बघायचं? आणि ती संचालकांची ऑनलाइन परीक्षा मला द्यावी लागेल का?

सीएस_कर्वेरोड
परीक्षा स्वतंत्र संचालकांसाठी आहे, तुम्ही नोकरीत असलेले संचालक होणार, तुम्हाला लागू नाही. डिन (संचालकाचा ओळख क्रमांक) आणि डिजिटल सही लागेल, ते तुमचे कंपनी सेक्रेटरी करून देतील. पण हो म्हणायच्या आधी कंपनी कायद्याचं कलम १६६ नीट वाचा, संचालकाची कर्तव्यं त्यात आहेत आणि ती फक्त मालकांप्रती नाहीत, कामगार, समाज, पर्यावरण सगळं त्यात येतं. पहिल्याच बोर्ड मीटिंगला तुमचे इतर कंपन्या-फर्ममधले हितसंबंध जाहीर करावे लागतात, एखाद्या व्हेंडर फर्ममध्ये तुमची भागीदारी असेल तर तेही.

तुमच्यासारख्या प्लांटवाल्यांना आवर्जून सांगतो. फॅक्टरीचा "ऑक्युपायर", म्हणजे कायद्याने तिच्यावर अंतिम ताबा असलेली व्यक्ती, कंपनीच्या बाबतीत संचालकांपैकीच एक असावा लागतो, सुप्रीम कोर्टाने १९९६ मध्येच जे. के. इंडस्ट्रीजच्या केसमध्ये ते स्पष्ट केलंय. प्लांट माहीत असलेला संचालक आला की साहजिकच हे नाव त्याच्याकडे सरकतं, आणि मोठा अपघात झाला तर खटल्यात पहिलं नाव ऑक्युपायर आणि मॅनेजरचं. म्हणून तुम्हाला ऑक्युपायर करणार का ते आधीच विचारा. करणार असतील तर सेफ्टीवर खर्च करायचे अधिकार बोर्डाच्या ठरावाने लेखी मागा, आणि डी अँड ओ (संचालक आणि अधिकाऱ्यांवरच्या दाव्यांसाठीच्या) इन्शुरन्सची पॉलिसी स्वतः वाचा, मर्यादा किती, वकिलाचा खर्च धरलाय का, कंपनी सोडल्यानंतरच्या क्लेमचं काय. राजीनामा दिला तरी तुमच्या काळातल्या गोष्टींची जबाबदारी राहतेच, त्यामुळे हा शेवटचा मुद्दा सोडू नका. आणि मीटिंगमध्ये एखाद्या ठरावाला तुमचा विरोध असेल तर तो मिनिट्समध्ये आलाय की नाही ते मिनिट्सचा ड्राफ्ट आल्यावर तपासा, सात दिवसांत हरकत कळवता येते.