समुद्रपूर तालुका, मुलीची पहिली आणि बुटीबोरीची नोकरी: घर कुठे करावं? (मदत हवी आहे)

सरकीची_आई

नमस्कार मंडळी. मुलगी यंदा पहिलीत जाईल. 31 डिसेंबरपर्यंत सहा पूर्ण होतात, त्यामुळे वयाचं काही अडत नाही. अडतंय ते घराचं.

सध्या सासरी राहतो. समुद्रपूर तालुक्यातलं गाव, जामच्या रस्त्यापासून आत. घरी सासू-सासरे आणि थोडी शेती. नवरा बुटीबोरी एमआयडीसीत, तिन्ही पाळ्या फिरतात. मी समुद्रपूरला एका पतसंस्थेत, दहा ते साडेपाच. कंपनीची बस जामपर्यंत येते. गाडी जामला एका ओळखीच्या हॉटेलापाशी लावून तो बस धरतो. ओव्हरटाइम लागला किंवा बस चुकली की मग मोटरसायकल, चाळीसेक किलोमीटर हायवे. रात्री साडेअकराला तो बुटीबोरीहून निघतो आणि घरात कुणी झोपत नाही. रोही आडवे येतात, रानडुकरं येतात, वरून हैदराबादकडचे ट्रक.

गावात जिल्हा परिषदेची शाळा आहे, पहिली ते चौथी, दोन गुरुजी, पट विसाच्या आत. दिराची मुलं हिंगणघाटच्या कॉन्व्हेंटला जातात, सकाळी व्हॅन येते, तीत मुलं अक्षरशः कोंबलेली असतात. तरी घरात रोज ऐकावं लागतं की एकुलत्या एका पोरीला तुम्ही गावच्या शाळेत घालणार का.

नवरा म्हणतो बुटीबोरीला खोली करू, त्याचा प्रवासच संपेल. पण मग माझा सुरू होतो, आणि मुलीला सांभाळायला आजी नाही. जाम मधलं पडतं. हिंगणघाटला शाळा भरपूर, पण बुटीबोरी आणखी लांब जाते, आणि रेल्वेने जायचं तर सेवाग्रामचा वळसा.

तुम्ही असतात तर काय केलं असतं? कॉन्व्हेंटविरुद्ध मराठी शाळा हा वाद इथे नको, तो घरी पुरेसा होतो. शाळा कशी पारखायची आणि कुणी किती प्रवास करायचा, एवढंच सांगा.

जाम_चौरस्ता

ताई, जामलाच राहतो म्हणून लिहितो. जाण्यायेण्याला याच्यासारखं ठिकाण नाही. नागपूर, चंद्रपूर, हिंगणघाट, तिन्हीकडची एसटी मिळते. फक्त विनाथांबा गाड्या हात दाखवून थांबत नाहीत, त्यांच्या भरवशावर राहू नका. तुमचं समुद्रपूर तर हाकेच्या अंतरावर.

पण लेकराच्या दृष्टीने पाहा. रात्रभर ट्रकचे हॉर्न. घर रस्त्याच्या एका अंगाला आणि शाळा दुसऱ्या अंगाला असेल तर सहा वर्षांची पोर एकटी पाठवताच येत नाही. खोली बघाल तर समुद्रपूरच्या बाजूची बघा, हायवे ओलांडायचं काम पडणार नाही.

खडू_आणि_फळा

ताई, मी जिल्हा परिषद शाळेतून निवृत्त झालो. तुमच्या प्रश्नातला एक शब्द खटकला, "गावची शाळा". अशी कुठली एक शाळा नसते. दोन गावांच्या मध्ये फक्त नाला असतो, पण अलीकडच्या शाळेत तिसरीचं पोर पेपर वाचतं आणि पलीकडच्या शाळेत पाचवीचं अडखळतं. फरक गुरुजींचा असतो.

तेव्हा एखाद्या चालू दिवशी शाळेत जा. झेंडावंदनाला किंवा स्नेहसंमेलनाला नको, तेव्हा सगळ्याच शाळा छान दिसतात. गुरुजींच्या परवानगीने तिसरीच्या दोन-तीन पोरांना पुस्तकातलं मधलंच पान वाचायला द्या, पहिलं पान पाठ असतं. हातच्याची वजाबाकी घाला. पहिली-दुसरीची मुलं त्या वेळी काय करत बसली आहेत तेही बघा, कारण दोन गुरुजी आणि चार वर्ग म्हणजे एका गुरुजींकडे दोन वर्ग आलेच. जे गुरुजी हे जमवतात त्यांच्याकडची मुलं स्वतःहून अभ्यास करायला शिकतात. ज्यांना जमत नाही त्यांच्याकडे एक वर्ग कायम शुद्धलेखन लिहीत बसतो. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे साठ मुलांपर्यंत दोनच शिक्षक मिळतात, त्यामुळे तिसरे गुरुजी येतील ही आशा धरू नका.

दुसरं म्हणजे बदली. गुरुजी कितीही चांगले असले तरी ते बदलीपात्र यादीत आहेत का ते विचारा. यात लाजायचं काही नाही, गुरुजी स्वतःच सांगतात. एक जण राहणार असेल तर हरकत नाही. दोघेही एकदम जाणार असतील तर नवे कोण येतात ते कळेपर्यंत थांबा.

तिसरं पटाचं. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करायचा विचार शासनाने 2023 मध्ये मांडला होता. तुमची शाळा उद्याच बंद होईल असं नाही. पण अंगणवाडीत पुढच्या दोन-तीन वर्षांची किती मुलं आहेत ते मोजून या, पट वाढणार की घटणार याचा अंदाज तिथेच येतो. शाळेचा अकरा अंकी यू-डायस क्रमांक घेतलात तर मुलं, शिक्षक आणि खोल्यांची माहिती सरकारी संकेतस्थळावर मोबाइलवरच दिसते.

वणाकाठचा

गुरुजींनी शाळेचं सांगितलं, मी नवोदयचं, म्हणजे केंद्र सरकारच्या निवासी शाळेचं सांगतो. ते कुणी आधी सांगत नाही आणि पाचवीत गेल्यावर पालक डोक्याला हात लावतात.

नवोदयला सहावीत प्रवेश. किमान 75 टक्के जागा ग्रामीण मुलांना. पण त्यात धरायचं तर तिसरी, चौथी, पाचवी ही तिन्ही वर्षं पूर्ण ग्रामीण भागातल्या मान्यताप्राप्त शाळेत झालेली हवीत. मधे एक दिवस जरी शहरी शाळेत नाव असलं तरी मूल शहरी धरलं जातं. हिंगणघाट नगरपरिषद, बुटीबोरीही नगरपरिषद झाली, समुद्रपूर नगरपंचायत. ही तिन्ही ठिकाणं त्यातून बाद. शिवाय पाचवी ज्या जिल्ह्यात, त्याच जिल्ह्याच्या नवोदयला अर्ज. म्हणजे बुटीबोरीला गेलात तर वर्धा जिल्ह्याचं सेलू काटेचं नवोदय सुटलं, आणि नागपूर जिल्ह्यात तुम्ही शहरी.

प्रवेशपरीक्षा निघेलच असं नाही. पण दार उघडं ठेवायचं असेल तर पहिली-दुसरी कुठेही करा, तिसरीपासून गावात या. किंवा गावातून हलूच नका.

बुटीबोरीचा_पाहुणा

वयनी, काहून एवढं टेन्शन घेता? बुटीबोरीत या की. भाऊंची झोप वाचंल. थ्री शिफ्टवाल्या माणसाची झोप म्हणजे साधी गोष्ट नाही, मीबी त्यातलाच. नाइट करून गाडीवर येणारे दोन जण आमच्या लाइनमधून गेले.

पण खरं सांगतो, इथं सगळे भाडेकरू. शेजारी कोण आहे ते सहा महिन्यांनी बदलते. तुमी दोघं कामावर आणि पोरगी शाळेतून दुपारी येईन तर घर उघडाले कोण? पाळणाघराचा खर्च धरला काय? आर.टी.ई.च्या, म्हंजे शिक्षण हक्क कायद्याच्या 25 टक्के राखीव जागांतून कॉन्व्हेंट मिळंल असं कोणी म्हणंल, तर त्याले भाडेकरार नोंदणीकृत लागते, नुसता स्टँपपेपर चालत नाही. अन्‌ नागपूर मेट्रोचं पाहून घर घेऊ नका. खापरीच्या पुढच्या टप्प्याले 2022 मधी केंद्रानं मंजुरी देल्ली, पण तुमच्या पोरीची पहिली त्याच्यासाठी थांबत नाही.

सरकीची_आई

सगळ्यांचे आभार. गुरुजी, सांगितलं तसं शाळेत जाऊन आले. तिसरीतल्या मुलीने मधलं पान घडाघडा वाचलं. वजाबाकीत एक मुलगा हातचा विसरला, तर दुसऱ्याने त्याला समजावून सांगितलं आणि मॅडम मधे पडल्या नाहीत. ते मला फार आवडलं. पहिलीची मुलं खडे मोजत होती, आपापली. सर बदलीपात्र आहेत, मॅडम नाहीत. अंगणवाडीत मुलं बरी आहेत. सेमी इंग्रजीचं विचारलं तर शाळा व्यवस्थापन समितीत ठराव घ्या म्हणाल्या, म्हणजे तेही आता माझ्याच गळ्यात.

नवोदयचं ऐकून सासरे एकदम माझ्या बाजूचे झाले. दिरांनी मात्र दुसऱ्या दिवशी तिसरीचा नियम स्वतः शोधून वाचला, त्यांचा मोठा दुसरीत आहे.

आता मुलीचा प्रवास शून्य, माझा आहे तेवढाच. राहिला नवऱ्याचा, आणि खरं तर तेच सगळ्यात अवघड आहे. मुलीच्या शाळेसाठी याने रात्रीचा हायवे किती वर्षं तुडवायचा? दुसरं असं की चौथीनंतर काय? पाचवीपासून गावात शाळाच नाही.

वणाकाठचा

पाचवीची चिंता आत्ता नको. पाचवी ते बारावीच्या मुलींना गाव ते शाळा एसटीचा पास अहिल्याबाई होळकर योजनेत फुकट आहे. काही तालुक्यांत सरकारच्या मानव विकास कार्यक्रमाच्या मुलींसाठीच्या बसही धावतात. तुमच्या मार्गावर शाळेच्या वेळेला गाडी आहे का ते हिंगणघाट आगारात विचारा. फक्त पाचवीची शाळा निवडताना वर लिहिलेलं विसरू नका, नवोदयसाठी ती ग्रामीण हवी, म्हणजे समुद्रपूर गाव नको.

खडू_आणि_फळा

जावईबापूंचं एक सुचवतो. ज्या आठवड्यात सेकंड शिफ्ट असेल तेवढ्यापुरतं बुटीबोरीला चार-पाच जणांत एक खोली धरावी. रात्री तिथेच झोपायचं, सकाळी कंपनीच्या बसने जामला यायचं. बरेच जण असंच करतात. अख्खं घर हलवण्यापेक्षा एक गादी हलवणं स्वस्त पडतं.

बुटीबोरीचा_पाहुणा

गुरुजी बरोबर बोल्ले. आमच्या खोलीत एक जागा खाली होऊन राहिली आहे. पण भाऊले घोरायची सवय असंल तर आधीच सांगा.

सरकीची_आई

घोरतात. पण नाइटवाल्यांना दिवसा काय फरक पडतो? त्यांना सांगते तुम्हाला इथे निरोप टाकायला. त्यांची सेकंड शिफ्ट पुढच्या सोमवारपासून आहे.