मदत हवी आहे : पक्षाघातानंतर अहिराणीतून स्पीच थेरपी मिळेल का?

अमळनेर तालुक्यात राहणाऱ्या माझ्या वडिलांना (वय ६८) तीन महिन्यांपूर्वी मेंदूच्या डाव्या भागात रक्ताची गुठळी अडकून पक्षाघात झाला. उजवा हात बराच सावरला, वाचा मात्र परतलेली नाही. आमचे बोलणे त्यांना बहुतांशी समजते; पण भाकरी मागायची असताना तोंडून ‘पानी’ निघते आणि चूक स्वतःलाच कळत असल्यामुळे ते चिडून गप्प होतात. डॉक्टरांनी याला ‘अफेझिया’ म्हटले असून स्पीच थेरपी सुचवली आहे.

अडचण अशी की, वडील जन्मभर घरात आणि शेतात अहिराणीच बोलत आले, तर जळगावच्या थेरपिस्ट मॅडम खाली प्रमाण मराठी शब्द लिहिलेली चित्रे वापरतात. ‘मुलगा’ अडतो तेथे ‘आंडोर’ सहज येतो, हे मी स्वतः पाहिले आहे. (हरिपाठ तर ते जवळजवळ न अडखळता म्हणतात!)

आपल्यापैकी कोणी रुग्णाच्या बोलीतून असा सराव करून घेतला आहे का? चित्रांखाली अहिराणी शब्द लिहून आम्हीच संच तयार करावा, की मुंबईच्या अली यावर जंग राष्ट्रीय वाचा व श्रवण संस्थेत एकदा तपासणी करून पुढील सराव ऑनलाइन घ्यावा? अनुभव असल्यास कृपया सविस्तर कळवावे.