पेन-पॅड सोडा, मेडिकलचा काउंटर दाखवा

'औषध कंपन्यांशी डॉक्टरांनी कसं वागावं, हा विषयच एमबीबीएसला नाही' असं या चर्चेत वर कुणीतरी म्हटलंय, ते पटलं नाही. २०१९च्या बॅचपासून एटकॉम (वृत्ती, नीतिमत्ता आणि संवाद शिकवणारा अभ्यासक्रम) लागू आहे आणि डॉक्टर-औषध कंपनी संबंधांवरच्या केसेस त्यात आहेत. आता तो तास कसा उरकला जातो, ते सोडा. पण पोरं खरं शिकतात इंटर्नशिपमध्ये. आमच्या पांढरकवड्याकडे ओपीडी आटोपली की एमआर, म्हणजे औषध कंपनीचा प्रतिनिधी, हजर. सिनियर डॉक्टरांना 'सर', इंटर्नलाही 'सर'! तेवीस वर्षांच्या पोराला आयुष्यात पहिल्यांदा कुणी सर म्हणतं, तिथेच अर्धं काम होऊन जातं.

चर्चा कंपन्या डॉक्टरांना देतात त्या पेन, पॅड, सॅम्पलवरच फिरतेय. त्यांचे नियम कागदावर आहेत: औषध कंपन्यांच्या मार्केटिंगसाठीच्या २०२४च्या संहितेत भेटवस्तूंना बंदी, आणि सॅम्पल एका डॉक्टरला एका औषधाची वर्षाला जास्तीत जास्त १२ पाकिटं. आरसीपीएबद्दल, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांची मेडिकलमध्ये होणारी पाहणी, मात्र कुणीच बोललं नाही. तुम्ही काय लिहिता हे एमआर तुम्हाला विचारत नाही, तो समोरच्या मेडिकलवाल्याकडून काढून घेतो. मी इंटर्नना तासभर त्या काउंटरमागे बसवतो, दुकानदार ओळखीचा आहे म्हणून जमतं. आपलीच चिठ्ठी घेऊन आलेली म्हातारी लुगड्याच्या गाठीतले पैसे मोजते आणि म्हणते, "पाच दिवसाच्या नको बाप्पा, दोनच दिवसाच्या दे." अँटिबायोटिकचा कोर्स तिथेच तुटतो. पुढच्या ओपीडीत तीच पोरं आधी विचारतात, "सर, आपल्या दवाखान्याच्या स्टोअरला यातलं काय आहे?"