पिवळा झेंडा होता, पण पुढचाच रायडर ट्रॅकबाहेर गेला. स्टुअर्डसमोर (रेसच्या तक्रारींवर निर्णय देणारे अधिकारी) काय सांगायचं?

पाथर्डीफाटा_रायडर:
रविवारी नाशिकजवळच्या डर्ट ट्रॅकवर धाकट्या भावाची रेस होती. टेबलटॉपच्या (सपाट माथ्याच्या जंपच्या) अलीकडे एक जण पडला, मार्शलने पिवळा झेंडा (म्हणजे पुढे धोका, ओव्हरटेक नाही) हलवला, भावाने गॅस सोडला आणि तेवढ्यात पुढचा रायडर वळणावर घसरून थेट बाहेरच्या ढिगाऱ्यात, मग भाऊ काय तिथेच थांबणार का, गेला पुढे. रेसनंतर त्याला दोन जागा मागे टाकलं. एक ऑफिशियल म्हणतो यलोमध्ये पास म्हणजे पास, दुसरा म्हणतो समोरचा ट्रॅक सोडून गेला तर चालतं. रायडर्स ब्रीफिंगमध्ये यावर अवाक्षर नव्हतं. प्रोटेस्ट (निकालाविरुद्ध लेखी तक्रार) केलाय, फी भरलीये, शनिवारी बोलावलंय. पिटमधली पोरं म्हणतात, धुळीत झेंडा दिसलाच नाही म्हणून सांग, विषय संपला. भावाला पटत नाही, मलाही नाही. काय करावं?

गंगापूररोडकर:
अजिबात खोटं बोलू नका. २००९ ची मेलबर्नची फॉर्म्युला वन रेस आठवा, तुमच्यासारखीच केस. सेफ्टी कारमागे (अपघातानंतर सगळ्यांना हळू नेणारी गाडी, तिच्यामागे ओव्हरटेक नाही) ट्रुली ट्रॅकबाहेर गेला, हॅमिल्टन पुढे गेला, तो पास बरोबरच होता! पण हॅमिल्टनच्या टीमने, मॅक्लारेनने, रेडिओवर जागा परत द्यायला सांगितलं आणि स्टुअर्डसमोर मात्र असं काही सांगितलंच नव्हतं म्हणाले. मग सेफ्टी कारमागे ओव्हरटेक केलं म्हणून ट्रुलीलाच २५ सेकंदांची पेनल्टी बसली. नंतर रेडिओ ऐकला गेला, हॅमिल्टन डिसक्वालिफाय, ट्रुलीला तिसरी जागा परत. चूक नसताना खोटं बोलून सगळं घालवलं.

सिडकोचा_बाइकवाला:
पटतंय, पण सगळा भार रायडरवरच का? २०२१ अबू धाबीला सेफ्टी कारमागे, एक फेरी मागे पडलेल्या गाड्यांपैकी हॅमिल्टन आणि वर्स्टापेनच्या मधल्या फक्त पाच गाड्यांना पुढे जाऊ दिलं, नियमात ‘एनी कार्स’ होतं, नंतर ते ‘ऑल कार्स’ करावं लागलं. एफआयएच्या (फॉर्म्युला वनचे नियम करणारी संस्था) रिपोर्टने मानवी चूक म्हटलं, निकाल मात्र तसाच राहिला. एवढ्या वर हे होतं तर आपल्याकडे ब्रीफिंगमध्ये नीट सांगायला काय जातं? पोरं पेट्रोल, टायर, सस्पेन्शनमध्ये घरचे पैसे घालतात हो, त्यांना नियम आधी कळायलाच पाहिजे.

सातपूर_गॅरेज:
भाऊ, रॅलीला सर्व्हिस टीममध्ये असतो म्हणून सांगतो. तोंडी वाद घालू नका, लेखी द्या. झेंडा दिसला, गॅस सोडला, समोरचा बाहेर गेला, याच क्रमाने. कोणत्या कलमाखाली पेनल्टी दिली तो नंबर मागा आणि सप्लिमेंटरी रेग्युलेशन्समधलं (त्या रेसपुरत्या नियमांचं पुस्तक) ते पान सोबत न्या. झेंडा कुठल्या पोस्टवर होता तेही लिहा, यलो तिथून पुढे लागू होतो. हेल्मेट कॅमेरा होता का? आणि जो बाहेर गेला त्याच्याशी बोललात का, त्याच्याइतका पक्का साक्षीदार दुसरा नाही. निकाल विरोधात गेला तर अपील करणार हे तिथल्या तिथे लेखी कळवा, मुदत फार छोटी असते.

पाथर्डीफाटा_रायडर:
कॅमेरा आहे दादा. झेंडाही दिसतोय आणि इंजिनचा आवाज खाली येतो तोही स्वच्छ ऐकू येतो. झेंडा दिसला असंच लिहून देतोय. तो रायडर अंबडला राहतो असं कळलंय, उद्या भावाला घेऊन भेटायला जातो.